वाडवडिलांची सुरी आणि ग्राइंडर : अहेरीच्या लोखंडाची बाजू

(थ्रेड)

१/ अहेरी, आलापल्ली, एटापल्ली, सिरोंचा या पट्ट्यातल्या अनेक जुन्या घरांत एखादे वडिलोपार्जित पाते असते. ते कुठे वाशाला खोचलेले, कुठे देवघरात ठेवलेले, तर कुठे कणगीमागे विसरलेले असते. क्वचित ती कट्यार असते, पुष्कळदा साधी सुरी असते, आणि कधी पावशीचे नुसते पाते उरलेले असते. खंडेनवमी जवळ आली, घराची वाटणी झाली किंवा जुने घर पाडायला काढले, की ते हातात येते आणि एक प्रश्न उभा राहतो : हे गंजलेले पाते पुन्हा नवे करून घ्यावे काय?

२/ या प्रश्नाचे उत्तर सध्या फार सहज दिले जाते. तालुक्याच्या ठिकाणी ग्राइंडर आहे, बफिंगचे चाक आहे, निकेलचा मुलामा देणारा आहे. तासाभरात आरशासारखे पाते हाती पडते आणि घरच्यांना पूर्वजांचे ऋण फेडल्यासारखे वाटते. प्रस्तुत थ्रेड या समजुतीच्या विरोधात आहे. पाते वापरात असेल तर धार लावावी, गंज वाढत असेल तर थांबवावा, मूठ सैल असेल तर घट्ट करावी. परंतु ते ‘नवे’ करू नये. कारण या मुलखातील लोखंडाचा इतिहास कागदावर थोडा आणि पात्यांवर पुष्कळ लिहिला गेला आहे.

३/ हा इतिहास किती जुना? नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७७ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केले. तेथे महापाषाणयुगीन वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. तिचा काळ इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. विदर्भातील शिलावर्तुळांत पुरलेल्या माणसांसोबत कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर आणि घोड्यांचे लगामही मिळाले आहेत. म्हणजे माणसाला त्याच्या पात्यासह निरोप देण्याची रीत या भूमीत अडीच हजार वर्षांपूर्वीही होती. वैदर्भीय घरात जुने पाते जपले जाते, त्यामागे एवढी दीर्घ पार्श्वभूमी आहे.

४/ हे लोखंड कसे होत असे, ते समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. मातीची उभी भट्टी, तीत लाकडी कोळसा आणि फोडलेले धातुक यांचे थर, आणि भात्याने तासन्‌तास दिलेला वारा, एवढी त्याची सामग्री. शुद्ध लोखंड वितळण्यास १५३८ अंश सेल्सियस तापमान लागते. मातीच्या भट्टीत उष्णता साधारण १२०० अंशांच्या आसपास राहते. त्यामुळे लोखंड वितळून वाहत नसे. त्याचा सच्छिद्र गोळा तळाशी जमे आणि त्यातली मळी घणाच्या घावांनी पिळून काढावी लागे.

५/ ही मळी कधीच पूर्णपणे निघत नसे. ठोकताना तिचे बारीक धागे लोखंडात लांबत जात. म्हणून जुन्या हातभट्टीच्या लोखंडावर गंज चढला की लाकडाच्या रेषांसारखी रचना दिसू लागते. कारखान्यातील पोलादात ती दिसत नाही. त्या धाग्यांच्या रासायनिक घटकांवरून धातुक कोणत्या प्रकारच्या खडकातले, याचा अंदाज बांधता येतो. लोखंडात मुरलेला कार्बन ज्या कोळशातून आला त्या झाडाचा काळ रेडिओकार्बन पद्धतीने काढता येतो. गंजलेली सुरी म्हणजे मुकी वस्तू आहे, असे मानणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

६/ एकोणिसाव्या शतकातही चांदा जिल्ह्याचे लोखंड प्रसिद्ध होते. सिंदेवाहीजवळच्या लोहारा गावाचे नावच त्याची साक्ष देते. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ या तज्ज्ञाने चांद्यातील लोहउद्योगाच्या शक्यतांवर अहवाल लिहिला. तो नागपुरात गिरणी चालवणाऱ्या जमशेटजी टाटांच्या हाती पडला आणि भारतीय पोलादाच्या कारखान्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली. वरोऱ्याचा दगडी कोळसा त्या कामास उतरला नाही, खाणींचे नियम जाचक होते, आणि अखेर कारखाना विसाव्या शतकात दूर साकचीला उभा राहिला. भारतीय पोलादाचे पहिले स्वप्न चांद्याच्या धातुकावर पाहिले गेले होते, ही गोष्ट चंद्रपूर-गडचिरोलीत फारशी सांगितली जात नाही.

७/ दरम्यान हातभट्ट्या विझत गेल्या. रेल्वेने विलायती लोखंडाच्या स्वस्त सळ्या आणि पट्ट्या बाजारात आणल्या. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातील लाकूडतोड आणि कोळसा पाडणे सरकारी परवानगीखाली गेले. कोळशावाचून भट्टी पेटत नाही. मध्य प्रांतातील आगरिया या लोखंड गाळणाऱ्या जमातीवर व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा भट्ट्यांवरील कर, जंगलाचे निर्बंध आणि बाजारी लोखंड यांच्या कात्रीत सापडलेल्या कारागिरांचे चित्र त्यांनी नोंदवले. लोहार उरले, परंतु ते बाहेरून आलेले लोखंड घडवू लागले. लोखंड गाळणारे मात्र मोडले.

८/ त्या कारागिरांनी हिशेबाच्या वह्या ठेवल्या नाहीत. त्यांच्या भट्ट्यांची नावे, त्यांची परिमाणे, त्यांचे यशापयश कोणी लिहिले नाही. साहेबांच्या अहवालांत खाणींची नावे आहेत, माणसांची नाहीत. आज एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे धातुक ट्रकांतून बाहेर जाते; त्याच टेकड्यांवर माडियांचा ठाकूरदेव आहे. ज्या डोंगररांगांत एवढे लोखंड आहे तेथील माणसांनी त्यापासून स्वतः काय घडवले, याचा पुरावा शोधू जाता हाती काय लागते? मळीचे ढीग, आणि घराघरांत उरलेली जुनी पाती.

९/ आता ग्राइंडर नेमके काय नेतो ते पाहावे. पात्याच्या पृष्ठभागावर घणाचे ठसे असतात. मऊ लोखंडाच्या अंगाला कठीण पोलादाची धार जोडली असेल तर जोडाची बारीक रेषा असते. क्वचित कारागिराची खूण असते. तीन पिढ्यांनी एकाच बाजूने धार लावल्याने आलेली झीज असते. ती पाहून वापरणारा डावखुरा होता की उजवा, हेसुद्धा सांगता येते. मुठीच्या सांध्यात जुनी लाख वा राळ असते. चाक फिरले की हे सारे ठिणग्या होऊन उडते. आणि भात्यात घालून पुन्हा तापवले, ठोकले, तर आतली रचनाही बदलते. ग्राइंडर हाताचा इतिहास पुसतो. भट्टी त्यासोबत लोखंडाचाही पुसते.

१०/ पृष्ठभागाला एवढे महत्त्व कशासाठी, असे विचारणाऱ्यांसाठी ताजे उदाहरण नागपूरकर भोसल्यांचे आहे. याच घराण्याच्या रघुजींनी १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य ताब्यात घेतले. २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांना एक तलवार परत मिळवली. तिचे पाते युरोपीय घडणीचे आहे. ती रघुजी भोसल्यांची कशावरून? पात्याच्या पाठीवर देवनागरीत, सोन्याच्या कामात, त्यांचे नाव आणि सेनासाहेबसुभा हे पद कोरलेले आहे. मधल्या पावणेतीनशे वर्षांत एखाद्या उत्साही मालकाने ती पाठ घासून ‘स्वच्छ’ केली असती, तर आज ती एक निनावी फिरंगी तलवार उरली असती.

११/ ‘नवे करा’ म्हणणाऱ्यांचा पहिला युक्तिवाद भावनेचा आहे : पूर्वजांच्या वस्तूला गंज चढू देणे हा त्यांचा अपमान होय. हा युक्तिवाद ऐकायला गोड वाटतो, पण तो पूर्वजांना ओळखत नाही. रोजच्या कामाच्या सुरीचे अंग काळपट आणि फक्त धार उजळ, हेच तिचे मूळ रूप. आरशासारखी चकाकी ही बफिंगच्या चाकाची देणगी आहे, म्हणजे विजेच्या मोटरीनंतरची. पणजोबांनी कधी न पाहिलेले रूप पणजोबांच्या सुरीला देऊन त्यांचा मान कसा राखला जातो? तो मान पणतूच्या दिवाणखान्याचा असतो.

१२/ दुसरा युक्तिवाद व्यवहाराचा आहे : गंज पाते खाऊन टाकतो, मग तो काढायला नको काय? येथे दोन गंज वेगळे ओळखावे लागतात. नारिंगी, भुसभुशीत, बोटाला लागणारा आणि पावसाळ्यात वाढणारा गंज जिवंत असतो. तो थांबवलाच पाहिजे. काळसर-तपकिरी, घट्ट, बोटाला न लागणारा थर स्थिरावलेला असतो आणि आतल्या लोखंडाला तो काही अंशी आडोसाही देतो. ग्राइंडरला हा भेद कळत नाही. तो दोन्ही गंज काढतो, त्यांच्याबरोबर चांगले लोखंडही काढतो, आणि उघडे पडलेले ताजे लोखंड गडचिरोलीच्या पहिल्याच पावसात पुन्हा गंजू लागते. मग पुन्हा ग्राइंडर. अशा तीन-चार ‘जीर्णोद्धारां’नंतर सुरीची दाभण होते.

१३/ तिसरा युक्तिवाद पैशाचा आहे : चकचकीत वस्तूला भाव चांगला येतो. हौशी बाजारात कदाचित येईल. परंतु जाणकार संग्राहक आणि संग्रहालये यांचा अनुभव उलटा आहे. अस्पर्श पृष्ठभाग हीच त्यांच्या लेखी वस्तूची साक्ष असते, आणि घासलेले पाते संशयास्पद ठरते. त्यातही पात्यावर तेजाबाने कृत्रिम लाटा उमटवून त्याला ‘जौहरदार’ म्हणून खपवण्याचा प्रकार अधिक घातक आहे. गोदावरीपलीकडे, निजामाबाद भागातील कोनसमुद्रम येथे खरे पोलाद होत असे आणि त्यासाठी इराणी व्यापारी येत. त्या पोलादाची नैसर्गिक जाळी अहेरीकडच्या एखाद्या कट्यारीत सापडणे अशक्य नाही. मात्र ती बेताल तापवली तर मोडते, आणि खोटी जाळी शेजारी आली की खरीवरचाही विश्वास उडतो.

१४/ आता या प्रश्नाची सर्वांत नाजूक बाजू. अहेरी परिसरातील जुन्या कट्यारीबद्दल एक वाक्य फार लवकर उच्चारले जाते : ही बाबूरावांच्या लढ्यातली. मोलमपल्लीचे बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांच्यासोबत होते. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठच्या चिंचगुंडी येथील तारखात्याच्या तळावर हल्ला झाला आणि गार्टलँड व हॉल हे दोघे इंग्रज मारले गेले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात बाबूरावांना फाशी देण्यात आली. त्यांच्या स्मरणार्थ २००९ मध्ये टपाल तिकीट निघाले. असा नायक ज्या मातीत झाला, तेथील प्रत्येक घराला त्याच्याशी नाते सांगावेसे वाटणे स्वाभाविक आहे.

१५/ परंतु इतिहासाची दुसरी धार विसरता येत नाही. बाबूरावांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांचा हात होता, हेही त्याच नोंदींत आहे. कॅप्टन क्रिक्टन हा चांद्याचा डेप्युटी कमिशनर होता. चांद्यातील सर्वांत मोठी जमीनदारी त्याच्या बाजूला राहिली. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण अशा प्रसंगांतूनच जिवंत राहते. मग १८५८ ची एखादी कट्यार खरोखरच असली, तरी ती बंडखोराच्या कमरेची, की त्याला धरायला निघालेल्या शिपायाच्या? दोन्ही बाजूंना हत्यारे होती, आणि दोन्ही बाजूंची माणसे याच गावांतली होती.

१६/ घासून चकचकीत केलेले पाते या प्रश्नाचे उत्तर कधीच देऊ शकत नाही. म्हणूनच ते फार सोयीचे ठरते. खुणा गेल्या की त्यावर कोणतीही कथा चढवता येते. कित्येक ‘दीडशे वर्षांपूर्वीच्या’ सुऱ्या प्रत्यक्षात ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून घडवलेल्या निघतात, कारण गावोगावचे लोहार ते कणखर पोलाद आवडीने वापरतात. मोटारीच्या कमानीतून १८५८ ची कट्यार होत नाही. घासण्यापूर्वी पाते नीट पाहिले तर पाट्याची सारखी जाडी, एखादे भोक, यंत्राची कडा लक्षात येते. आणि पाट्याची सुरी निघाली म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. जंगलात मोटारीचा रस्ता पोहोचल्यानंतरचा इतिहास ती सांगते. तो इतिहास खरा आहे, आणि खऱ्याला खोट्याच्या उसन्या मोठेपणाची गरज नसते.

१७/ शस्त्राची वंशावळ किती निसरडी असते, हे २०२४ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या उसनवारीवर साताऱ्यात आली. ती शिवछत्रपतींचीच, हा दावा साताऱ्याचा पोलिटिकल एजंट जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून आलेल्या पेटीवरील मजकुरावर उभा आहे. अफझलखानाच्या भेटीत वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री देता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच म्हटले आहे. एवढ्या मोठ्या संस्थेत, एवढ्या जपलेल्या वस्तूबाबत ही स्थिती असेल, तर आपल्या हाताने पुरावा पुसलेल्या घरगुती कट्यारीच्या दाव्याला काय आधार उरणार?

१८/ आणखी एक बाब नवे करणाऱ्यांच्या ध्यानीही येत नाही. गोंड परंपरेत लोखंड हे काही ठिकाणी देवाचे रूप असते. पेनाच्या ठाण्यात भाल्याचे फाळ, साखळ्या, घंटा असतात. एखादे पाते तशा ठाण्याशी जोडलेले असेल, तर ते ज्याच्या घरात आहे त्याचे एकट्याचे नसते. ते कुळाचे असते. त्याला हात कोणी लावावा, कधी लावावा, काय लावावे, हे कुळाने ठरवायचे आहे. शहरात शिकलेल्या मुलाने सुट्टीत येऊन ते ग्राइंडरवर धरणे हा अज्ञानाचा भाग असेल. त्याला वारसाप्रेम मात्र म्हणता येणार नाही.

१९/ येथवर वाचून दुसऱ्या टोकाचे सोवळे पाळणारे आनंदित होतील. त्यांच्या मते जुन्या सुरीला धारही लावू नये, तिने भाजीही चिरू नये, ती काचेच्या पेटीत ठेवावी. हा विचारही चूकच आहे. सुरी कापण्यासाठी जन्मली. दगडावर पाणी घालून ती पाजवणे हा तिच्या आयुष्याचा भाग आहे. तिच्यावरील झीज त्याच क्रियेतून आली. झिजलेल्या कुऱ्हाडीला वा फाळाला नवे लोखंड जोडून घेणे, म्हणजे ‘शेवटणे’, ही लोहाराची जुनी सेवा आहे, आणि मोडलेला दांडा बदलणे तर प्रत्येक पिढीचे काम. दुरुस्ती आयुष्य पुढे नेते. नवे करणे हे मागचे आयुष्य घडलेच नाही असे दाखवते.

२०/ यातूनच निर्णयाची कसोटी हाती येते. जे काम पणजोबांच्या काळीही त्या सुरीवर झाले असते, ते आज करण्यास हरकत नाही : पाजवणे, पुसणे, तेल लावणे, मुठीची रिंग आवळणे, मोडकी मूठ त्याच प्रकारच्या लाकडाची बसवणे. जे काम फक्त ती वेगळी दिसावी म्हणून होते, ते करू नये. रोज वापरात असलेल्या सुरीला धारेपुरता दगड पुरतो. तिच्या अंगाला चाक लावण्याचे कारण कोणत्याही स्वयंपाकघरात वा शेतात निर्माण होत नाही.

२१/ आणि येथे एक अन्याय नोंदवला पाहिजे. वारसा म्हटला की कट्यार आठवते, कारण ती पुरुषाच्या कमरेची. पावशी मात्र मोडली, की किलोच्या भावाने भंगारात जाते. वास्तविक, कट्यार बाहेरून विकत आणलेली, भेट मिळालेली, लुटीतली असू शकते; तिचे पाते रघुजींच्या तलवारीसारखे परदेशीही असू शकते. स्वयंपाकाची पावशी, मोह-चारोळीच्या हंगामात हाताशी असणारी सुरी, भाताचा विळा ही जवळच्या लोहाराकडूनच घेतली जात. हातभट्टीचे लोखंड सापडण्याचा संभव तेथेच अधिक. पुरुषाचे पाते घासून नष्ट होते, बाईचे विकून. आणि दोन्हीकडे घर वारशाच्या गप्पा मारते.

२२/ कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. १९७२ च्या पुराण वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुराण वस्तू ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने केवळ घरगुती व शेतीच्या उपयोगाची अवजारे शस्त्रांच्या व्याख्येतून वगळली आहेत. कट्यारीची गोष्ट वेगळी, आणि ती बाळगण्याविषयी स्थानिक नियम विचारून घेणे इष्ट. पण वस्तूचा नाश रोखण्याबाबत पाहिले तर कायदा लंडनला जाणारी पेटी अडवतो. चौकातल्या दुकानातील फिरते चाक अडवत नाही. ते थांबवायचे तर घरातल्याच कोणीतरी थांबवले पाहिजे.

२३/ मग प्रत्यक्षात काय करावे? आधी दोन्ही बाजूंची, पाठीची आणि मुठीची छायाचित्रे उजेडात काढावीत. लांबी, रुंदी, वजन लिहावे. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस, विशेषतः आजीस, ती वस्तू कोणाची, कोठून आली, कशासाठी वापरली, हे विचारून तिच्याच शब्दांत टिपावे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच नोंदवावी. मग कोरड्या मऊ कापडाने धूळ आणि सुटा गंज पुसावा. सुटत नसेल तेथे बांबूच्या वा लाकडाच्या कामटीने हलके खरवडावे. लोखंडाने लोखंड खरडू नये. शेवटी तेलाचा पातळ हात द्यावा. चामड्याच्या म्यानात पाते कायम ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. म्यान वेगळे आणि पाते वेगळे ठेवावे.

२४/ काही प्रसंगी याहून अधिक करणे भाग पडते. मूठ फुटून पाते निसटत असेल, गंजाचे पापुद्रे आपोआप गळत असतील, पात्यावर अक्षरे वा सोन्या-चांदीचे काम दिसत असेल, किंवा जौहराची जाळी खरी असल्याची शंका असेल, तर ते काम धातूच्या जतनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाचे आहे. हिरड्यातील टॅनिन गंजाला काळ्या स्थिर थरात बदलते आणि जतनशास्त्रातही टॅनिक आम्ल वापरले जाते. पण एकदा केलेला तो बदल उलटवता येत नाही, म्हणून तो घरगुती प्रयोगाचा विषय नव्हे. जे परत फिरवता येत नाही ते घाईने करू नये, हा जतनाचा पहिला नियम आहे.

२५/ नायकुंडच्या भट्टीपासून लोहाऱ्यापर्यंत अडीच हजार वर्षे या मुलखाने आपले लोखंड आपण गाळले. ती विद्या शंभर-दीडशे वर्षांत मोडली. तिच्यासाठी कोणी स्मारक बांधले नाही, पुढेही कोणी बांधेल असे दिसत नाही. तिचे जे काही उरले आहे ते सरकारी कपाटांत फारसे नाही. ते वाशात, फळीवर, चुलीमागे आहे, आणि त्याचे भवितव्य दर खंडेनवमीला कोणीतरी दोन मिनिटांत ठरवते. त्या दिवशी पात्याला हळद-कुंकू लावावे, झेंडूचे फूल वाहावे, हवी तर धार लावावी. त्याचे काळे अंग मात्र तसेच राहू द्यावे. ज्या हातांनी ते घडवले त्यांची सही तेवढ्याच जागेवर उरली आहे.